ताईची किडनी माझ्याकडे होती

माझ्या दोन किडन्यांपैकी डावी ताईची होती. अजून माझ्या पोटात होती, एवढंच. रक्तगट जुळला होता, बाकीच्या तपासण्या जुळल्या होत्या, आम्ही सख्खी भावंडं आहोत हे हॉस्पिटलच्या कमिटीपुढे सांगून झालं होतं. आई म्हणाली, बुद्धपौर्णिमा होऊ दे, मग काय कापाकापी करायची ती करा. म्हणून ऑपरेशन पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात ठरलं. आणि ती किडनी मी त्याच्या बारा दिवस आधी, खालापूरच्या एका जिममध्ये, रविवारी सकाळी, टाळ्यांच्या कडकडाटात खराब करून टाकली.

डायलिसिस सेंटरमधल्या सिस्टर म्हणाल्या, "लिहून काढा, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल." झाला तर होवो. मला लिहून हलकं वाटणार नाही आणि वाटूही नये. एक मात्र आधीच सांगतो, "जे होतं ते चांगल्यासाठीच" असं म्हणणाऱ्यांनी हे वाचायचे कष्ट घेऊ नयेत. असे तिघे-चौघे आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेलेत. पाचव्याला मी चहा विचारणार नाही.

मी नितीन. वय एकोणचाळीस. राहतो कर्जतला भिसेगावात, नोकरी खालापूरला टोलनाक्याजवळच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझरची. सुनंदाताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिला पोशीरला दिली, दाजींची भातशेती आहे. बीपीने तिच्या किडन्या कधी खाल्ल्या ते कळलंच नाही, कळलं तोवर दोन्ही गेल्या होत्या. तीन वर्षं झाली, दर बुधवारी आणि शनिवारी पनवेलला डायलिसिस. आईला साखर, त्यामुळे तिची चालत नाही. दाजींचा रक्तगट वेगळा. राहिलो मी.

मी त्याच दिवशी हो म्हणालो होतो. हे लिहून ठेवतो, कारण पुढे माझ्याबद्दल चांगलं म्हणावं असं फार काही येणार नाही.

निरोपाचा सेट

जिम टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर. चालवतात इरफानभाई. पंचावन्नचे आहेत, तरुणपणी जिल्ह्यात बक्षिसं मारलेला माणूस. बोलणं गोड, पण शिस्त अशी की खुद्द त्यांचा मेहुणा एकदा रॉड आपटला म्हणून आठवडाभर बाहेर बसला होता. मी बारा वर्षं तिथे जात होतो. घर, गोडाऊन आणि जिम, माझं आयुष्य एवढ्यावर होतं आणि त्यातली जिमच तेवढी माझ्या मर्जीची.

तिथे एक रीत आहे. कुणी जिम सोडून चालला, लग्न ठरलं, दुबईला नोकरी लागली, पोलीस भरतीत निवड झाली, की त्याला निरोपाचा सेट मारायला लावायचा. तो प्रीचर बेंचवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढे तिरपी गादी असते, तिच्यावर दोन्ही दंड टेकवून बसायचं आणि वाकडा रॉड हातात घेऊन वर-खाली करायचा. पाठीचा झोका घेता येत नाही, खांद्याची मदत मिळत नाही. जे काय उचलायचं ते निव्वळ बायसेपने. इरफानभाईंचा नियम कडक. हात खाली पूर्ण सरळ झाला पाहिजे, कोपर गादीवरून सुटता कामा नये. सुटलं की तो काउंट गेला.

हजर असलेल्या प्रत्येकाने दहा काउंट मोजायचे. मोठ्याने. पाच जण असले तर पन्नास. वर नेऊन दम खायची मुभा, पण रॉड स्टँडवर ठेवायचा नाही. वजन हलकंच लावतात, मुद्दा वजनाचा नसतोच. मुद्दा असतो तो सगळ्यांनी आपल्यासाठी मोजण्याचा.

मी दोन महिने जिमला गेलो नव्हतो. तपासण्या, कागद, पनवेलच्या फेऱ्या. हॉस्पिटलमधून मला स्वच्छ सांगितलं होतं, चाला, फिरा, पाणी प्या, पावडरी बंद, अंगदुखीच्या गोळ्या तर बिलकुल घ्यायच्या नाहीत. मी मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं.

त्या रविवारी मी फक्त भेटायला गेलो होतो. वर पोचलो तर अकरा जण हजर. बातमी फुटली होती. रविवारी कधी तोंड न दाखवणारे पण आले होते. "बहिणीला किडनी देतोय आपला नितीनदादा!" कुणी गळ्यात पडलं, कुणी पाया पडायला वाकलं. मी नको नको म्हटलं आणि शर्ट काढला.

अकरा जण. एकशे दहा.

सोमवार ते बुधवार

सोमवारी सकाळी हात सरळ होईनात. दोन्ही कोपरं वाकलेल्या जागी अडकून बसली. दंड सुजून टरटरले. केसांत कंगवा घालता येईना, शर्टाची बटणं वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने लावली.

"डोले काढायला गेला होता ना? मग मिरवा आता," ती म्हणाली. नंतर जरा थांबून, "डॉक्टरांना फोन करू का?"

"कशाला? दोन महिन्यांनी मारले म्हणून दुखतंय. होतं असं."

आणि मी मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या आणल्या. ज्या घ्यायच्या नाहीत म्हणून सांगितलं होतं त्याच. सकाळी एक, दुपारी एक, मग दुखणं थांबेना म्हणून दुसऱ्या कंपनीची एक. वैशाखाचं ऊन, गोडाऊनवर पत्रा, आणि पाणी प्यायला ग्लास तोंडापर्यंत न्यायचा तर हात वर जाईना, म्हणून पाणीही बेताचंच.

मंगळवारी संध्याकाळी लघवी लाल झाली. बुधवारी काळी. कोरा चहा उकळून उकळून ठेवावा तशी. मी संडासात उभा राहून बघत बसलो. मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो. आपल्याला काय झालंय हा विचार मनात आलाच नाही. पहिला विचार आला तो हा की उद्या गुरुवार, उद्या शेवटची तपासणी, आता लोक काय म्हणतील. मी पाणी ओतलं आणि बाहेर आलो. वैशालीला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचे व्यायामानंतर हात किंवा मांड्या अशा सुजल्या आणि लघवीचा रंग बदलला, तर त्याने त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. गोळ्या खात घरी बसू नये. एवढं एकच उपयोगाचं वाक्य माझ्याकडे आहे. ते मला फार महाग पडलंय, तुम्ही फुकट घ्या.

बाटली

गुरुवारी ताई आणि दाजी पोशीरहून गाडी घेऊन आले, मला भिसेगावातून उचललं आणि आम्ही पनवेलला गेलो. ताई त्या दिवशी खुशीत होती. केसांना तेल लावून, चापूनचोपून साडी नेसून आलेली. माझे आखडलेले हात बघून म्हणाली, "काय रं, कबुतरावानी पंख काढून बसलायस?" मी हसलो.

तपासणीला रक्त दिलं. मग लघवीची बाटली हातात आली.

आत गेलो आणि जेमतेम चार चमचे झाली. काळी. बाटलीकडे बघत मी बेसिनपाशी उभा राहिलो. आणि मी नळ सोडला. होय. बाटलीत नळाचं पाणी घातलं. थोडं घातलं तर रंग विटकरी झाला, अजून घातलं तर पिवळट तांबूस. तेवढा मला चालण्यासारखा वाटला. चाळीशीला आलेला माणूस, बारावी पास, गोडाऊनमध्ये माल मोजून घेणारा, कुणी भेसळ केली तर गाडी परत पाठवणारा. त्याने हे केलं.

बाहेर आलो. हात सरळ होत नव्हते म्हणून बाटली नीट धरता येईना. ताई पटकन पुढे झाली, "दे हिकडं, सांडशील." तिने बाटली घेतली आणि तिथेच थांबली.

आजारपणात तिने अशा कितीतरी बाटल्या दिल्या होत्या. आता तर तिला लघवी होतच नाही. तिने बाटली दुसऱ्या हातात घेतली. परत पहिल्या हातात घेतली.

"नित्या, ही गार कशी रं?"

मी मागे वळून संडासाचं दार ओढून घेतलं.

"लगवी गार कशी, इचारते मी."

दाजी म्हणाले, "अगं, एसी हाय हितं."

"एसी आत्ता लागला काय? आत्ता भरली ना ह्यानं?" तिने बाटली उजेडात धरली. मग माझ्याकडे बघितलं. माझे हात बघितले, सुजलेले दंड बघितले, चेहरा बघितला. तिला आजाराचा रंग डॉक्टरांइतकाच कळत होता. "काय केलंयस तू?" ती म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की मी खालीच बघत राहिलो.

जे डॉक्टर म्हणाल्या

डॉक्टर बाई तरुण होत्या, पण बोलायला सरळ. रक्ताचा रिपोर्ट यायला दोन तास लागले. त्यांनी कागद पुढे ठेवला. एका ठिकाणी आकडाच नव्हता. मशीनला मोजता येतं त्याच्या वर, असं लिहून आलं होतं.

"व्यायाम केला होता?"

"थोडा."

"किती थोडा?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"गोळ्या घेतल्या?"

"दोन-तीन."

वैशालीला फोन करून पाकिटं विचारली तेव्हा त्या अकरा निघाल्या.

त्यांनी समजावलं ते असं. हाताचे स्नायू आतून फुटले, त्यातला ऐवज रक्तात उतरला, तो गाळता गाळता किडन्या तुंबल्या. त्यात पाणी कमी आणि वर गोळ्या. ताबडतोब ॲडमिट व्हायचं, कदाचित डायलिसिसही लागेल.

ताई माझ्या मागे उभी होती. तिने विचारलं, "मंग म्याडम, ऑपरेशन?"

"ताई, ऑपरेशन आता डोक्यातून काढा. आधी ह्यांना सांभाळू."

"म्हंजे पुढं ढकलायचं ना?"

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आत्ता मी काहीच सांगू शकत नाही."

तो आवाज मी ओळखला. मालाची गाडी येणार नाही हे माहीत असूनही फोनवर आम्ही गोडाऊनवाले असंच बोलतो.

शेजारचा बेड

शुक्रवारी माझ्या मानेत नळी घातली आणि शनिवारी मला डायलिसिसला नेलं. शनिवार म्हणजे ताईचा वार. सेंटरवाल्यांनी आमचं आडनाव तिच्या माहेरचं म्हणून ओळखलं की जागा तेवढीच रिकामी होती कोण जाणे, पण मला तिच्या शेजारचा बेड मिळाला.

भीती कशी असते ते मला त्या दिवशी कळलं. आपलं रक्त नळीतून बाहेर जाताना दिसतं. मशीन टुंग टुंग करतं. मला घाम फुटला, पाय गार पडले, दात वाजायला लागले. ताईने डाव्या हातातल्या सुया सांभाळत उजव्या हाताने स्वतःची शाल ओढून काढली आणि सिस्टरला म्हणाली, "त्याला घाला ओ. पयल्यांदा लय थंडी वाजते."

मग मान न वळवता, छताकडे बघत ती मला शिकवत राहिली. नळीकडं बघू नको. पाय हालवत राहा. गरगरलं तर लगेच बोल, मर्दानगी दाखवू नको. तहान लागली तर बर्फाचा खडा चोखायचा, पाणी ढोसायचं नाय. चार तास हायेत, घड्याळ बघितलंस तर आठ व्हतात. तिला तीन वर्षांत ठेचा खाऊन कळलेलं सगळं तिने मला एका सकाळी देऊन टाकलं. मला रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

आई भेटायला आली. सिस्टरने तिला आमच्या दोन बेडच्या मधे स्टूल दिलं. ती एकदा डावीकडे बघायची, एकदा उजवीकडे. मग तिने दोन्हीकडे बघणं सोडून दिलं आणि हातातल्या पिशवीची गाठ सोडत-बांधत बसली. एक मुलगी आणि एक मुलगा, दोघांना दोन मशिनी. म्हातारीने कुणाचं काय वाईट केलं होतं?

मला एकूण पाच वेळा डायलिसिस लागलं. बाकीचा वेळ सलाईन, आणि लघवी मापाच्या भांड्यात. सकाळी सहाला मावशी येऊन भांडं बघायच्या आणि तो आकडा पाटीवर लिहायच्या. वॉर्डमधले एक मामा होते, त्यांनी न सांगता माझी दाढी केली. माझा हात तोंडापर्यंत जात नव्हता. दाढी करताना म्हणाले, "बॉडी मस्त हाय साहेब." मला रडू फुटलं तर ते घाबरले, त्यांना वाटलं ब्लेड लागलं.

घरचे

दाजी माझ्याशी बोलायचे थांबले. यायचे, दाराशी उभे राहायचे, ताईने पाठवलेला डबा ठेवून जायचे. एकदाच तोंड उघडलं.

"पोशीरला लोकं इचारतात, ऑपरेशन कधी. काय सांगू? मेव्हण्याचे डोले काढायचे राहिले होते, म्हनून सांगू?"

मी म्हणालो, "दाजी, माफ करा."

"माझी नको मागू. माझ्या किडन्या धड हायेत," ते म्हणाले आणि गेले.

वैशालीने एक गोष्ट सांगितली. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी, माझी पाठ पुसताना. "तुम्हाला शिव्या घाला हवं तर. पण ऑपरेशन होणार नाही कळल्यावर पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं. तुम्ही अख्खे राहाल म्हणून. मग ताईंचा चेहरा बघितला आणि माझी मलाच लाज वाटली." मी तिला कशाला शिव्या घालू? ती खरं बोलली. आमच्या घरात त्या महिन्यात खरं बोलणारी ती एकटीच होती.

कारण मी खोटं बोलत होतो.

इरफानभाई भेटायला आले तेव्हाची गोष्ट. ताईचा वार होता, म्हणून तीही होती, आई होती. इरफानभाई खुर्चीच्या कडेला बसले. म्हणाले, "नितीन, मी तुला थांबवत होतो ना रे?"

मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "कुठे थांबवलंत? सगळे मोजत होते. रीत तुमची. माणूस मधेच कसा सोडणार?"

इरफानभाई माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ताईकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि मान खाली घातली. "बरोबर आहे. चूक आमची," ते म्हणाले. आईने त्यांना नाही नाही ते ऐकवलं. त्यांनी उभं राहून सगळं ऐकून घेतलं, आईच्या पाया पडले आणि गेले.

पुढचे चार-पाच महिने मी हेच सगळ्यांना सांगत होतो. जिमवाल्यांनी करायला लावलं. इतक्यांदा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

द्यायला नाहीत

माझ्या किडन्या हळूहळू चालू झाल्या. भांड्यातला आकडा वाढला, मानेतली नळी निघाली, सूज उतरली. डाव्या कोपरात अजून थोडा वाक आहे, हात पूर्ण सरळ होत नाही. बाकी मी बरा आहे. भेटेल तो म्हणतो, तब्येत सुधारली हो!

चार महिन्यांनी डॉक्टर बाईंनी सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या. ताई सोबत होतीच. कागद बघून त्या म्हणाल्या, "तुमच्यापुरत्या आहेत. जपलंत तर आयुष्यभर पुरतील. पण द्यायला नाहीत."

"अजून चार महिन्यांनी?" मी विचारलं.

"नाही. एक काढली तर उरलेली एकटी पेलेल असं मी लिहून देऊ शकत नाही. कुणीच देणार नाही."

ताईने पर्स उघडली, रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमाल परत ठेवला. "बरं," ती म्हणाली. "मंग माझं नाव त्या यादीत टाका. मेलेल्या मानसाची मिळते ती." डॉक्टर म्हणाल्या, टाकू, पण वेळ लागतो. ताई म्हणाली, "वेळच हाय माझ्याकडं. बुधवार नि शनिवार."

गाडीत

त्या दिवसापासून ताईला डायलिसिसला मी नेतो. दाजींना शेती आहे, आणि मी गोडाऊनमध्ये पाळी बदलून घेतली. पहिले काही आठवडे आम्ही येताजाता फारसं बोलायचो नाही. ती खिडकीला डोकं टेकवून झोपायची.

सेंटरमधली टेक्निशियन खालापूरचीच. तिचा नवरा त्याच जिमला जातो हे मला माहीत नव्हतं. एका शनिवारी परत निघालो. चौक गाव मागे टाकलं आणि ताई एकदम म्हणाली, "गाडी बाजूला घे."

मला वाटलं तिला उलटी येतेय. मी गाडी कडेला घेतली.

"त्या पोरीनं मला व्हिडिओ दाखवला. तुज्या त्या सेटचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मी स्टेअरिंग धरून बसलो.

"तो इरफानभाई ऐंशीला बस म्हनला. दोनदा म्हनला. रॉड धरायला हात पुढं केला त्यानं. पोरं मोजायची थांबली. सगळी थांबली, नित्या. आनि तू काय म्हनलास?"

मला आठवत होतं. रोज आठवत होतं.

"बोल ना. काय म्हनलास?"

"हात लावू नका म्हणालो," मी म्हणालो. "मोजा म्हणालो."

"ओरडलास. पोरं गप झाली तर तूच मोजाय लागलास. एक्क्याऐंशी, ब्याऐंशी. आनि माझ्या आईनं त्या बिचाऱ्याला हॉस्पिटलात कुत्र्यावानी हाकललं. तू गप बसून बघितलंस."

रस्त्यावरून ट्रक जात होते. गाडी हलत होती. ताई म्हणाली, "आता मला एक सांग, आनि खरं सांग. मुद्दाम केलंस का?"

"नाय गं ताई. आईची शपथ, नाय."

"मंग का?"

मी पहिल्यांदा खरं बोललो. म्हणालो, मला भीती वाटत होती. ऑपरेशनची, टेबलाची, नंतर आपण अर्धे होऊ याची. हो म्हणाल्यापासून सगळे मला मोठा मोठा म्हणत होते, मग घाबरलोय हे सांगायचं कुणाला? त्या दिवशी बेंचवर बसलो आणि अकरा जण मोजायला लागले तेव्हा दोन महिन्यांत पहिल्यांदा भीती गेली. ऐंशीला थांबलो असतो तर ती परत आली असती. म्हणून थांबलो नाही. एवढंच. याच्या खाली आणखी काही होतं का ते मी खूप शोधलं. नव्हतं असं छातीवर हात ठेवून सांगायचं धाडस मला होत नाही.

ताईच्या डाव्या हाताला, जिथे सुया टोचतात त्या फिस्टुलाला, कापूस लावून पट्टी बांधली होती. त्या हाताने तिला जड काही उचलायचं नसतं. तो हात तिने मांडीवर जपून ठेवला होता.

"भ्याला होतास तर नाय म्हनायचं होतंस," ती म्हणाली. "मी काय तुला खाल्लं असतं? तीन वर्सं नाय नायच ऐकते मी. पानी नाय, मीठ नाय, केळं नाय, गावाला जायचं नाय. त्यात तुझं एक नाय. रडले असते दोन दिवस नि गप बसले असते. पन तू हो म्हनलास. मी साड्या काढून ठेवल्या होत्या रं. बरी झाल्यावर कुठं कुठं जायचं ते तुज्या दाजींना सांगत बसले होते."

मी रडायला लागलो. तिने मला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही.

"झालं का? चल आता. मला भूक लागलीय."

खालापूरला जाऊन इरफानभाईंची माफी मागून ये, आणि आईला खरं काय ते सांग, एवढं तिने रस्त्यात सांगितलं. दोन्ही मी केलं. इरफानभाईंनी निरोपाचा सेट बंद केलाय. बेंच भिंतीला उलटा करून ठेवलाय. मला म्हणाले, "मीच रॉड हिसकावून घ्यायला हवा होता." मी म्हणालो, तुम्ही ओढला असता तर मी तुम्हाला ढकललं असतं. आई मात्र ऐकून आत गेली आणि तांदूळ निवडत बसली. ती अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

त्या शनिवारी पोशीरला पोचल्यावर मी उतरून ताईच्या बाजूचं दार उघडलं. तिची पिशवी उचलायला वाकलो.

"ताई, माफ केलंस ना?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

ती आधाराने उतरली, पदर नीट केला.

"नाय," ती म्हणाली. "माफबिफ काय केलं नाय मी. करनार पन नाय बहुतेक. बुधवारी साडेसहाला ये, उशीर करू नको."

मी बुधवारी सहालाच जाऊन दारात उभा राहतो.